गोळी न देणारे डॉक्टर

शेजारी डॉक्टर राहायला आले की आजार कमी होतात का, मला माहीत नाही. किस्से मात्र वाढतात! एक कुणाला सांगावा तर भिंतीपलीकडं दुसरा घडत असतो. त्यात माझे कान जरा तिखट. हे म्हणतात, "मंदा, तू ऐकत न्हाईस, टिपून घेतेस." बरं, टिपते. कुणीतरी टिपायलाच पाहिजे ना!

बदनापुरात स्टेशनच्या अलीकडं आमचं घर. शेजारचं घर वंदना मॅडमनी भाड्यानं घेतलं. मॅडम शहरातल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात. एमबीबीएस झालेल्या तीन पोरांना घेऊन त्या आल्या. दोन वर्षं पेशंट बघता बघता संशोधन शिकायचं, असा त्यांचा बेत. मला म्हणाल्या, "काकू, पेशंट बघणारा आणि नवं शोधणारा, दोन्ही एकाच माणसात घडवायचंय. आपल्याकडं अशी सोयच नाही. ती उभी करायचीय."

"म्हणजे एका माणसानं दोन कामं करायची?"

"हो."

"अन् पगार एकाचाच?"

"हो."

"मंग आम्हा बायकांसारखंच की!"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

*

गावातल्या लोकांचं बीपी मोजायचं, हा पोरांचा पहिला अभ्यास. गल्लीतले तात्या पहिल्या दिवशी अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून हजर. अर्धा तास प्रश्न. मीठ किती खाता, झोप किती, वडील कशानं गेले. तात्यांनी सगळं मनापासून सांगितलं. शेवटी हात पुढं केला.

"काय तात्या?"

"गोळी."

"तात्या, तुमचं बीपी चांगलं आहे. गोळी नाही. हा अभ्यास आहे."

तात्या उठले, काठी आपटली. "एवढी परीक्षा घेतली, अन् पास का नापास तेबी सांगून न्हाई राह्यले!"

दुसऱ्या दिवसापासून गावात नाव पडलं, गोळी न देणारे डॉक्टर!

*

मोजायच्या आधी एक कागद वाचून दाखवायचा असतो. त्यावर सही किंवा अंगठा. तिघांतला प्रतीक हे फार शांतपणे वाचायचा. आमच्या सुशीलाबाई समोर बसल्या होत्या. चाळीस वर्षं सासुरवास काढलेली बाई.

प्रतीक वाचतोय, "तुम्ही कधीही, कारण न सांगता, यातून बाहेर पडू शकता. तुमच्यावर कुणीही रागावणार नाही."

"परत वाच बरं, बाळा."

त्यानं परत वाचलं.

सुशीलाबाई म्हणाल्या, "हा कागद लग्नात का देत न्हाईत रे?"

*

दर शुक्रवारी पलीकडं आवाज चढायचे. मला वाटलं, भांडणं लागली. भज्यांचं ताट घेऊन मिटवायला गेले. तर एक पोरगं कुठल्यातरी परदेशी डॉक्टरांचा लेख वाचतंय, अन् बाकीचे त्याला धरून बसलेत, "कशावरून? किती जणांवर बघितलं? दुसरं कारण नसेल कशावरून?"

मॅडम म्हणाल्या, "काकू, भांडण नाही, शिकवणी आहे. छापलेलं सगळं खरं मानायचं नाही, हे शिकतायत."

मी भजी ठेवली अन् दारातच बसले. तासभर ऐकलं. बिलकुल वाया गेला नाही तो तास! जेवताना हे म्हणाले, "आज भाजीत मीठ जास्त झालंय."

मी म्हटलं, "कशावरून? किती जणांनी चाखली?"

त्या दिवसापासून हे मुकाट जेवतात.

*

आता माझीच फजिती सांगते.

दर मंगळवारी बीपी मोजणं माझ्या ओट्यावर. बाकीचे दिवस अंगणवाडीत. महिन्याभरानं पोरं चक्रावली. माझ्या ओट्यावरच्या लोकांचं बीपी अंगणवाडीतल्यांपेक्षा जास्त! लोक त्याच गावचे. कुणी म्हणालं, रस्त्याचा आवाज. कुणी माझ्या हापशाचं पाणी बाटलीत भरून नेलं. मला तर घोर लागला, आपल्या घरात काही दोष आहे की काय!

प्रतीकनं काय करावं? एका मंगळवारी वही घेऊन कोपऱ्यात बसला. मोजणं नाही, बोलणं नाही, नुसतं बघणं. मला दया आली. त्यालाही चहा दिला.

कप हातात घेऊन तो माझ्याकडं बघतच राहिला. "काकू, हा चहा सगळ्यांना देता?"

"मंग? दारात आलेल्या माणसाला कोरडं बसवू?"

"मोजायच्या आधी?"

"आधीच ना! नंतर कोण थांबतंय!"

प्रतीकनं कपाळाला हात लावला. चहा घेतला की थोडा वेळ बीपी चढतं म्हणे. अन् माझा चहा म्हणजे चमचा उभा राहील असा! महिन्याभराचं काम परत केलं पोरांनी. चूक कशी झाली, तेही खरं खरं लिहून काढलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, आमच्या संशोधनात तुमचं नाव लागलं!"

*

पण हसण्यावारी जाण्यासारखं सगळंच नव्हतं. दिवाळीनंतर तिघांतला एक पुढच्या परीक्षेच्या क्लासला गेला. होळीला दुसरी गेली. उरला एकटा प्रतीक. कॉलेजनं मॅडमना सांगून टाकलं होतं, एक तरी पोरगं दोन वर्षं टिकलं तर पुढची तुकडी, नाहीतर बंद. मॅडमचं हसणं कमी झालं.

अन् एका मंगळवारी अंकुशनगरहून प्रतीकचे वडील आले. हातात रिकामी बॅग.

"पोराला न्यायला आलोय. पुण्याच्या क्लासात जागा धरली. दुपारची गाडी आहे," ओट्यावर बसत ते म्हणाले. "पोरगं डॉक्टर झालं म्हणून पेढे वाटले मी. आता लोक इचारतात, दवाखाना कुठंय? काय सांगू, लोकाच्या ओट्यावर बीपी मोजून राह्यलाय?"

मॅडम एवढंच म्हणाल्या, "त्याचं त्याला ठरवू द्या."

प्रतीकपुढं दहा-बारा माणसं बसली होती. "पप्पा, एवढे झाले की बोलू."

वेळ जाईना म्हणून वडिलांनी मॅडमना विचारून बाजूची वही उचलली. तिच्यात नावं नसतात, नुसते आकडे. चष्मा लावला. बोट फिरवत एक पान बघितलं, दुसरं बघितलं. ते साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा रस तपासतात, हे मी तोवर काढून घेतलं होतं.

"प्रतीक."

"काय पप्पा?"

"एकशे तीस, एकशे चाळीस, एकशे वीस, एकशे पन्नास. सगळे शून्यावर कसे काय थांबून राह्यले?"

"काटा हलत असतो पप्पा. जवळचा आकडा धरतो."

"सारी नोकरी रस तपासण्यात गेली माझी. असा गोल आकडा एखाद्या वेळी येतो. पानभर आला की समजायचं, माणसानं मोजलं न्हाई, भरलंय."

प्रतीकचे कान लाल. मॅडमनी वही घेतली, पानं उलटली अन् हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याही नजरेतून सुटलं हे."

वडिलांनी बाही वर सारली अन् खुर्चीत बसले. "मोज."

"एकशे तीस."

"बघून सांग."

"...एकशे चौतीस."

"थांब जरा. परत मोज."

"एकशे बत्तीस."

"हां."

तिकडं स्टेशनात गाडी आली अन् गेलीसुद्धा. वडील उठले नाहीत. उरलेली सगळी माणसं होईपर्यंत ते लेकाच्या शेजारी उभे राहून काटा बघत होते.

शेवटी मॅडमनीच विचारलं, "मग, नेताय का याला?"

वडिलांनी बाहीचं बटण लावलं, रिकामी बॅग काखेत मारली.

"कसा नेऊ मॅडम? ठेवून घ्या पुरी दोन वर्षं. याला अजून मोजता येत न्हाई!"