सुभेदारांचा हात

पंधरा ऑगस्टला सुभेदार महिपतराव इंगळे कॉलनीच्या झेंड्यासमोर सावधान उभे राहिले, आणि तेवढ्यावरून दुपारपर्यंत ते देशद्रोही ठरले. ज्या माणसाच्या मांडीत सरहद्दीवरचा लोखंडाचा तुकडा अजून आहे, तो देशद्रोही! गुन्हा काय, तर सगळ्यांनी हात कपाळाला लावले आणि यांनी लावला नाही.

महिपतरावांच्या घराण्यात फौज पिढीजात. पणजोबा इकडे उत्तरेत शिंद्यांच्या घोडदळात होते, वडील आणि ते स्वतः मराठा पलटणीत. भरती झाल्याबरोबर कवायत शिकवणाऱ्या उस्तादाने त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की ठोकली होती: अंगावर वर्दी नाही, डोक्यावर टोपी नाही, तर हाताने सलामी नाही. अशा वेळी फौजी सावधान उभा राहतो. मुठी पँटच्या शिवणीला, नजर झेंड्यावर. तीच त्याची सलामी. निवृत्तीनंतरही महिपतरावांनी ही रीत कधी मोडली नाही, आणि इतकी वर्षं कुणाचं काही अडलंही नव्हतं.

यंदा कॉलनीचे नवे सेक्रेटरी राजवर्धनजी यांनी त्यांचा व्हिडिओ काढला. स्वतः एका हातात मोबाईल धरून दुसरा हात कपाळाला असा लावला होता, जणू डोळ्यांवर ऊन येतंय. कॉलनीच्या ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओखाली लिहिलं, 'फौजी होकर तिरंगे को सलाम नहीं!' झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. महिपतरावांनी पलटणीची रीत समजावून सांगितली, तर उत्तर आलं, 'बहाने मत बनाइए.' शहरातल्या टोपी बाजारातल्या ओळखीच्या किराणा दुकानदाराने सामान बांधता बांधता विचारलं, "साहब, जो सुना वो सच है क्या?" महिपतराव पिशवी तिथेच टाकून घरी आले.

घरीही तेच. नात गरिमा म्हणाली, "आजोबा, एक सैल्यूट ही तो है! करून टाका ना, बात खत्म."

त्यांच्या पत्नी उषाताईंचा जीव वेगळ्याच कारणाने तुटत होता. "अहो, लोकं काय काय बोलून राहिलेत. मला भाजीवाल्याकडे उभं राहावत नाही. पेटीतली पलटणीची टोपी घाला आणि ठोका एकदा सलाम. मग तर रीत मोडत नाही ना?"

"टोपी घालीन तेव्हा झेंड्यासाठी घालीन," महिपतराव कडाडले. "राजवर्धनच्या मोबाईलसाठी नाही!"

राग महिपतरावांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण या वेळी तो पोटात गेला होता. ज्या झेंड्यात गुंडाळलेले सोबती त्यांनी खांद्यावरून उतरवले, त्याचा मान कसा राखायचा हे आता त्यांना कुणीही शिकवावं? जेवताना घास हातात तसाच राहायचा.

जानेवारीत राजवर्धनजींनी जाहीरच केलं, 'इस छब्बीस को सूबेदार साहब सबके सामने सलामी देंगे.' विचारलं कुणी? कुणी नाही. "जाऊ नका," उषाताई म्हणाल्या. महिपतराव दाढी करून, कोट घालून, उघड्या डोक्याने निघाले. झेंड्याच्या दिवशी घरी बसायची रीत मात्र त्यांना कुणी शिकवलेली नव्हती.

धुकं दाट होतं. अख्खी कॉलनी मफलर, कानटोप्या गुंडाळून जमली होती. एवढी गर्दी याआधी कधी झाली नव्हती. महिपतराव नेहमीसारखे सगळ्यात मागे उभे राहिले. दोरी ओढली गेली, झेंडा उलगडला, फुलं खाली पडली.

आणि सगळे मोबाईल महिपतरावांकडे वळले. मोबाईलमागची माणसंही वळली. दोरी हातात धरलेले राजवर्धनजी मान मुरडून त्यांच्याकडेच बघत होते. यांचा हात वर जातो की नाही, हे पाहायला सगळ्या कॉलनीने झेंड्याकडे पाठ केली होती. समोर बघणारे एकटे महिपतराव.

मग मात्र पोटातला राग वर आला.

"परेड!" ते गरजले. बायका दचकल्या. "परेड, पीछे... मुड़!"

शाळेत शिकलेले पाय डोक्याला विचारत बसत नाहीत. कुणी उजवीकडून, कुणी डावीकडून, एकमेकांवर आपटत सगळे गर्रकन फिरले. राजवर्धनजीही फिरले. मोबाईल खाली गेले. गरिमा गर्दीतून निघून आजोबांच्या शेजारी आली आणि मुठी आवळून उभी राहिली.

राष्ट्रगीत सुरू झालं. महिपतरावांचे हात शिवणीलाच होते. ते बघायला आता एकही मान मागे वळली नाही.