अण्णांचा पक्षी, मारुतीची रुई

भजनी मंडळातले किस्से देवघरातल्या वातींसारखे असतात. रोज एक जळते, तरी डबा भरलेलाच! हे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या हिवाळ्यातले. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या वत्सलाताई आणि त्यांचे यजमान अण्णा यांचे.

*

अण्णा रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन खाडीकडच्या बांधावर बसायचे. चिमणीएवढा एक परदेशी पक्षी, चोच आचमनाच्या पळीसारखी. तरुणपणी त्यांना एकदाच दिसलेला.

मी शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं आणली की म्हणायचे, "वहिनी, रुई तोडाल तितकी फुटते. माझा पक्षी मात्र जगातूनच संपत चाललाय."

"मग देवाला रुईच का हो आवडते?"

"गरिबालाही मिळते म्हणून!"

*

डॉक्टरांनी सांगितलं, अण्णांचा काचबिंदू वाढलाय, पुढचा हिवाळा काही दिसायचा नाही. वत्सलाताईंनी अकरा शनिवार रुईच्या माळेचा नवस बोलला. पक्षी दिसू दे, एवढंच मागणं.

मंडळातल्या मालवणच्या शकूमावशी चिडल्या, "पाखरू कसला मागतंस गो? डोळे माग!"

"डॉक्टर नाही म्हणाले, ते मागून देवाला अडचणीत कशाला टाकू? एक पक्षी तर धाडायचाय!"

*

नवव्या शनिवारी उजाडता उजाडता आम्ही पानं तोडायला बांधावर गेलो. अण्णा थोडे पुढे बसलेले. रुईचं भरगच्च झुडूप दिसलं आणि शकूमावशी ओरडल्या, "वत्सला, हयसर ये गो!"

चिखलातला अख्खा थवा उडाला.

"त्यात होता का हो?" ताईंनी विचारलं.

अण्णांनी दुर्बीण खाली केली. "चोच बघणारच होतो."

घरी आल्यावर ताईंचे हात चालेनात. मग अण्णाच पानं ओवायला बसले. ताईंनी माळ ओढून घेतली, "अहो, रुईचा चीक डोळ्यात गेला तर!"

"आता तो आणखी काय नेणार?"

*

अकराव्या शनिवारी दोघंच गेले. शकूमावशींनी तर घरात बसून मौन धरलं!

पुढचं ताईंनीच सांगितलं. दुर्बिणीतून अण्णांना सगळं धुरकट दिसत होतं. त्यांनी ती ताईंच्या हातात दिली. ताईंनी जन्मात दुर्बीण धरली नव्हती. बराच वेळ नुसता चिखल. मग काळे पाय. मग मान डावी-उजवीकडे हलवत चाललेला एक चिमुकला जीव.

"अहो," त्या कुजबुजल्या, "पळी! आचमनाची पळी!"

घाईघाईनं त्यांनी दुर्बीण पुढे केली. "घ्या ना, बघा लवकर!"

अण्णांनी डोळे मिटले होते.

"बघतोय," ते म्हणाले. "तू सांगत राहा."