मास्तरांच्या पायाशी पडलेला दोरा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे टाचणीताई म्हणत. एक तर अंगाने काडी, आणि कुणाचं काही चुकलं की ती नेमकी तिथेच टोचायची. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं. "बोथट सुई म्हणण्यापेक्षा बरं," असं नणंदेला सांगून ती हसायची. काजं-बटणं करत करत अठरा वर्षांनी ती तिथली सुपरवायझर झाली होती.

यंदा कारखान्यात नवी पद्धत आली, तीही तिच्याच हट्टाने. पूर्वी प्रत्येक जण अख्खा शर्ट शिवायचा. आता शर्ट रांगेतून पुढे सरकायचा. एकीने खांदे जोडायचे, पुढच्याने कॉलर लावायची, त्याच्या पुढच्यांनी बाह्या. महिनाभर मालकांच्या कानीकपाळी ओरडून तिने हे गळी उतरवलं होतं. दिवसाला तीनशे शर्ट निघतील, असा शब्दही देऊन बसली होती.

निघत होते दोनशे चाळीस. आणि अडत होतं कॉलरीवर. कॉलरीवर बसले होते मास्तर.

मास्तर म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना हात. त्यांनी शिवलेला शर्ट कुणी उलटा घातला तरी पटकन कळू नये, इतकी स्वच्छ शिलाई. बोलणं मात्र मोजूनमापून. "हो" आणि "बघू" एवढ्यावर आठवडा काढतील. आता त्यांच्या एका बाजूला शर्टांचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला बाह्या लावणाऱ्या बायका हातावर हात ठेवून बसलेल्या.

"मास्तरांना पॅकिंगला बसवा," मालक म्हणाले. "वय झालंय. नवं काही जमत नाही त्यांना."

"पंधरा दिवस द्या."

"दिले. सोळाव्या दिवशी तीनशे दिसले नाहीत, तर त्यांना सांगायचं काम तुमचं."

 टाचणीताई पहिल्यांदा मशीनवर बसली तेव्हा कापडावर हात कसा ठेवायचा, हे याच माणसाने काही न बोलता, नुसतं करून दाखवलं होतं. त्यांना आता शर्टांच्या घड्या घालायला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी तिने आपली खुर्ची उचलून मास्तरांच्या शेजारी मांडली.

"पहारा?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो, पाय दुखतायत."

तासाभराने तिची नजर खाली गेली. मास्तरांच्या पायाशी पांढऱ्या दोऱ्यांचा पुंजका पडला होता. छोटे छोटे, वेडेवाकडे, उसवलेले दोरे.

"मास्तर, कॉलर लावणाऱ्याला उसवायचं काय काम?"

मास्तरांनी उत्तर म्हणून हातातला शर्ट पुढे केला. डावा खांदा उजव्यापेक्षा लांब. यावर तशीच कॉलर लावली तर एक टोक वर, एक खाली. म्हणून ते आधी खांदा उसवायचे, पुन्हा जोडायचे आणि मग कॉलरीला हात घालायचे.

"रोज असे किती?"

"चाळीसेक."

"मागे का नाही पाठवत?"

मास्तरांनी हनुवटीने भिंतीवरचा फळा दाखवला. फळ्यावर रोज प्रत्येकाचा आकडा लागायचा आणि सगळ्यात वरच्या नावापुढे टाचणीताई स्वतः खडूने चांदणी काढायची. तीन आठवडे ती चांदणी खांदे जोडणाऱ्या मुलीकडे होती. सहा महिन्यांपूर्वी लागलेली, कामाला चपळ. सगळे तिला झटपट म्हणत.

"चांदणी तुम्ही दिलीत," मास्तर म्हणाले. "मी काय सांगू? चांदणी चुकली म्हणून?"

त्या दिवशी टाचणी टाचणीलाच टोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर तिने ओल्या फडक्याने फळा पुसला. "आजपासून एकच आकडा. रांगेतून बाहेर पडलेल्या चांगल्या शर्टांचा. चूक दिसली की शर्ट ज्याचा त्याच्याकडे परत. आणि चांदण्यांचं खूळ माझं होतं. चूकही माझीच."

झटपटला सगळं कळलं तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे इतके दिवस मास्तर माझं उसवत होते? आणि मला कुणी बोललं नाही? मी काय काचेची आहे?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्याकडे अकरा शर्ट परत आले. बारावा आला तशी ती उठली आणि तो मास्तरांच्या मशीनवर आपटला. "नुसतं पाठवू नका. काय चुकलं ते सांगा की!"

मास्तरांनी मदतीसाठी टाचणीताईकडे पाहिलं. तिला नेमकं त्याच वेळी एका बॉबिनमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

"तू... कापड ओढतेस," मास्तर अखेर म्हणाले. "ओढलं की ताणतं. मशीनला ओढू दे. तू नुसतं धर."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तीन आठवड्यांपूर्वी बोलायला काय झालं होतं!"

त्या संध्याकाळी आकडा एकशे नव्वदवर आला. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुढे जायचं सोडून मागे चाललात!" टाचणीताई "अजून दिवस आहेत" म्हणाली खरी, पण घरी तिला जेवण गेलं नाही.

मग आकडा हळूहळू चढू लागला. दोनशे तीस, दोनशे पासष्ट. मास्तर सकाळी दहा मिनिटं झटपटच्या मशीनपाशी उभे राहू लागले. बाह्या लावणाऱ्या बायकाही हाक मारायच्या, "मास्तर, इकडे या ना जरा!" मास्तर जायचे. अडखळत का होईना, सांगायचे.

सोळाव्या दिवशी तपासणीच्या टेबलावर टाचणीताई होती. बरोब्बर तीनशे शर्ट आले होते. त्यातल्या चारांची कॉलर तिरकी होती. हे मास्तरांचं काम! तिचा हात थबकला. घडी घातली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिने चारही शर्ट मास्तरांकडे परत पाठवले.

मालकांनी येऊन मोजले. "दोनशे शहाण्णव. चार कुठे गेले?"

टाचणीताईने तोंड उघडायच्या आत मास्तर उभे राहिले. "माझ्याकडे आहेत. आकड्याच्या नादात माझाच हात घसरला. अर्ध्या तासात देतो."

अख्ख्या कारखान्याने मास्तरांचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"अगंबाई, मास्तरांचंही चुकतं!" झटपट म्हणाली. हशा पिकला. मास्तरही हसले.

मालकांनी शर्टांच्या गठ्ठ्यातला एक उचलून उलटा केला, खांदे पाहिले, कॉलर पाहिली आणि परत ठेवला. "पॅकिंगला दुसरं माणूस बघतो मी," ते म्हणाले. "पण ताई, तीनशे म्हणजे तीनशे."

"सोमवारी मोजा."

मालक गेले. मास्तरांनी एक कॉलर उसवायला घेतली होती आणि झटपट तिच्यावर वाकली होती. कॉलर तिरकी का बसते, कुठून धरायची, मधली खूण आधी का जुळवायची, हे सगळं ते तिला सांगत होते आणि ती मधूनमधून वाद घालत होती. घरी जायची वेळ झाली, हे टाचणीताईला त्या दोघांना दोनदा सांगावं लागलं.