पाचवी उर्मिला

मी टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर नोकरी केली. लोक फोन करून एक नाव सांगायचे आणि नंबर मागायचे. नाव सांगितलं की झालं काम, असं प्रत्येकाला वाटे. मग मी विचारायची, राहतात कुठे, करतात काय, वडिलांचं नाव काय. समोरचा वैतागायचा. आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव आणखी कुणाचं असू शकतं, हे लोकांना मुळी पटतच नाही.

म्हणून यंदाच्या हळदीकुंकवासाठी मी सुचवलेला विषय मला फार आवडला होता. जेसल पार्कातल्या आमच्या महिला मंडळात दरवर्षी सत्कार कुणाचा करायचा यावरून रुसवाफुगवी होते. हिच्या नणंदेला बोलावलं, मग तिच्या विहिणीला का नाही, असली. मी म्हटलं, यंदा एकाच नावाच्या बायका बोलवू. नाव एक, कामं वेगवेगळी, नात्यागोत्याचा प्रश्नच नाही. शोधायला लागलो तर आमच्या मीरा-भाईंदरमध्येच चार उर्मिला निघाल्या. डॉक्टर उर्मिला नगरकर डोळ्यांची ऑपरेशनं करतात. घोडबंदरच्या उर्मिला भोईर कबड्डीच्या पंच आहेत, आणि त्यांची शिट्टी वाजली की पुरुष खेळाडूसुद्धा वाद घालत नाहीत. उर्मिलाबेन मेहता साठी उलटल्यावर मॅरेथॉन धावायला लागल्या. आणि उर्मिला शिगवण, ज्यांच्या बालवाडीत अर्धा केबिन रोड आयुष्यात पहिल्यांदा आईविना रडला.

खाण्याची ऑर्डर द्यायला मी तारामतीकडे गेले. तारामती ही उर्मिला शिगवणांची धाकटी जाऊ. केबिन रोडच्या मागच्या गल्लीत तिचं पोळीभाजी केंद्र आहे. नवरा हरिश्चंद्र स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झाला, आता गल्ल्यावर बसून पेपर वाचतो आणि गिऱ्हाइकांना हिंदीत राजकारण समजावतो. आतला सगळा डोलारा तारामतीचा. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणतात, आंटी म्हणतात, समोरचा फरसाणवाला मासी म्हणतो. नवरा ‘ऐकलंस का’ म्हणतो आणि स्वतः काही ऐकत नाही.

मी बटाटेवडे, तिळाच्या वड्या आणि चहा सांगितला आणि मग माझा विषय तिला रंगवून सांगितला. अशा वेळी माझं तोंड जरा जास्तच चालतं. ती पोळी लाटत होती. तव्यावरची पोळी उलटायची राहिली, आणि तारामतीच्या हातून पोळी करपणं ही सोपी गोष्ट नाही.

“मॅडम, उर्मिला तर मी पण आहे,” ती म्हणाली.

मला आधी थट्टाच वाटली. पण तिने करपलेली पोळी बाजूला काढली, गॅस बारीक केला आणि सांगायला लागली.

गुहागरकडच्या एका वाडीत तिचा जन्म. बारशाला आत्याने कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं उर्मिला. आत्या मुंबईला राहून आलेली, तिने तिकडे कुठेतरी ते ऐकलं होतं. वाडीत सगळ्या सखू, चंद्री, पार्वती. तेवढं लांब नाव हाकेला कुणाला जमणार? धाकटा भाऊ आत्माराम तिला ‘उर्मे’ म्हणायचा. शेताच्या एका टोकाकडून ओरडला की ती दुसऱ्या टोकाकडून ओ द्यायची.

लग्नात ताटात तांदूळ पसरले. नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहिलं. तारामती सातवी शिकलेली, तिने वाकून वाचलं.

“मला वाटलं, ताट चुकलं,” ती मला म्हणाली.

ताट चुकलं नव्हतं. घरात थोरली सून आधीच उर्मिला होती. एका घरात दोन उर्मिला कशा चालतील, एकीला हाक मारली तर दोघी येतील, असं सासूबाईंचं म्हणणं. दोघी आल्या असत्या तर काम लवकर उरकलं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नवरा हरिश्चंद्र, तेव्हा बायको तारामती, हे ठरवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. खरं तर पोथ्यापुराणं वाचलेल्या भटजींनी तरी सांगायला हवं होतं, की उर्मिला हे धाकट्या सुनेलाच शोभतं. पण भटजींना पुढचं लग्न गाठायचं असावं.

भाईंदरला आल्यावर एका खोलीत सासू आणि दोन जोडपी. थोरली मॅट्रिक झालेली, तिने गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत बालवाडी काढली. घर आणि दोघींची मुलं तारामतीने सांभाळली. बालवाडी उभी राहिली ती तुझ्या जिवावर, असं मी म्हटलं तर ती मला लगेच थांबवते. जाऊबाईंना मुलं आवडायची, मला चूल आवडायची, असं म्हणते. ते खरंही असेल. पण बालवाडी वाढत गेली तसं गल्लीत दिवसभर एकच नाव ऐकू यायला लागलं. उर्मिलाबाई, याची चड्डी ओली झाली. उर्मिलाबाई, हिला आज लवकर सोडा. प्रत्येक हाकेला आत पोळ्या लाटणाऱ्या तारामतीची मान वळायची आणि ओ बाहेरून जाऊबाई द्यायच्या. हळूहळू मानेला सवय लागली. वळायची बंद झाली.

जाऊबाईंशी तिचं भांडण कधी झालं नाही. फक्त एक गोष्ट तिच्या मनात सलत होती. घरातली बाकी सगळी माणसं तिला तारा म्हणू लागली, पण जाऊबाईंच्या तोंडून इतक्या वर्षांत ते नाव एकदाही आलं नाही. त्या ‘अगं’ म्हणायच्या. माझं नाव घेऊन बसल्या आणि मला नवीन नावानंही बोलवत नाहीत, एवढा कसला मोठेपणा, असं तिला वाटायचं. जाऊबाईंना माहेर नव्हतं, म्हणून ती गप्प बसायची. माहेर नसलेल्या बाईला काय बोलायचं?

तारामतीला माहेर होतं. आत्माराम दर मे महिन्यात आंब्यांची पेटी खांद्यावर घेऊन यायचा आणि जिन्याच्या पायथ्याशीच ओरडायचा, ‘उर्मे!’ सासूबाई कपाळाला आठ्या घालायच्या. जाऊबाई मुकाट्याने उठून चहा ठेवायच्या. तारामती चपला न घालता खाली धावायची. वर्षातली तेवढी एक ओ तिची स्वतःची होती.

गेल्या गणपतीनंतर आत्माराम गेला.

“आता ते नाव कुणाला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “आधार कार्डावर पण तारामतीच आहे. मला तुमची शाल नको, नारळ नको. मरायच्या आधी एकदा कुणीतरी उर्मिला म्हणून हाक मारावी आणि मी ओ द्यावी, एवढंच वाटतं बघा.”

मी तिथल्या तिथे तिला उर्मिला म्हणून हाक मारली. ती हसली. म्हणाली, “तुम्ही म्हटलं की पत्ता विचारल्यासारखं वाटतं.”

मला राग आला, पण तिचं बरोबर होतं. हाक मारणाऱ्याला ती उर्मिला ठाऊक हवी. मग मी म्हटलं, व्यासपीठावर पाचवी खुर्ची ठेवते. तिने दोन्ही हात जोडले. जाऊबाईंच्या सत्काराच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून त्यांचं नाव मागायचं का, ते नाव त्यांचं आहे, त्यांनीच मोठं केलंय, असं म्हणून तिने विषय संपवला. मीही मग वाद घातला नाही.

कार्यक्रम सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये झाला. मागे फ्लेक्स लावला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘उर्मिला’ आणि खाली चार फोटो. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं, कारण दुसऱ्या कुणाकडे दिलं की शेरोशायरी सुरू होते. मी प्रत्येकीला तिच्या कामाबद्दल विचारत होते आणि शेवटी एक हलका प्रश्न ठेवला होता, तुमचं हे नाव कुणी ठेवलं? डॉक्टरांचं आजीने ठेवलेलं. भोईरबाईंचं आत्याने. उर्मिलाबेन म्हणाल्या, आमच्यात पण आत्याच ठेवते, आम्ही फोई म्हणतो. बायकांना ते फार आवडलं, टाळ्या पडल्या.

मग माइक उर्मिला शिगवणांकडे गेला. त्या बालवाडीबद्दल छान बोलल्या होत्या. हा प्रश्न ऐकल्यावर मात्र त्यांनी माइक मांडीवर ठेवला. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

“सासूबाईंनी,” त्या म्हणाल्या. “माझं नाव गिरिजा होतं. आईबाप लहानपणीच गेले. काकाने लग्न लावून दिलं, तो परत फिरकला नाही. त्यामुळे गिरिजा म्हणणारं कुणी राहिलंच नाही.”

एवढं बोलून त्यांनी माइक माझ्या हातात दिला. माझ्या पाठीमागे फ्लेक्सवर ते नाव हातभर अक्षरांत लटकत होतं. मागच्या दाराशी तारामती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे तिथल्याच एका खुर्चीवर ठेवला आणि आत निघून गेली. मी आभार मानून कार्यक्रम गुंडाळला.

हळदीकुंकू, वाण, फोटो सुरू झाले. मी ट्रे गोळा करत आतल्या खोलीत गेले, तर तारामती पातेली पुसत होती आणि उर्मिलाबाई अंगावर सत्काराची शाल तशीच ठेवून दारात उभ्या होत्या. मी मागे फिरायला हवं होतं. पण मी फिरले नाही.

“तुमचंसुद्धा ते नव्हतंच, तर माझं का जाऊ दिलंत?” तारामतीने मान वर न करता विचारलं. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

उर्मिलाबाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “तुझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं होतं, नवीन येणारी उर्मिला आहे, तर तुला दुसरं नाव देऊ का? मी नको म्हटलं. गिरिजाची उर्मिला व्हायला मला दोन वर्षं लागली होती गं. हाक मारली तरी मी तशीच बसून राहायचे आणि सासूबाई म्हणायच्या, बहिरी सून पदरात पडली. पुन्हा तिसऱ्या नावाला वळायचं बळ माझ्यात नव्हतं.”

“मला नाही कुणी विचारलं.”

“नाही विचारलं. ते मला ठाऊक होतं. म्हणून तर तारा माझ्या तोंडातून कधी निघालं नाही.”

मला त्या कधीच्या मेलेल्या सासूचा इतका संताप आला, की ती समोर असती तर मी सत्काराचा नारळ तिथेच फोडला असता. तारामती मात्र ते पातेलं कोरडं झाल्यावरही पुसतच राहिली. मग म्हणाली, शाल खाली लोळतेय तुमची. उर्मिलाबाईंनी शाल सावरली आणि त्या बाहेर गेल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा जिन्याच्या तोंडाशी पाहुण्यांचा घोळका होता. उर्मिलाबाईंचे गुडघे गेलेले, कठडा धरूनही जिना उतरवत नाही. त्या पहिल्या पायरीवर थांबल्या आणि हॉलकडे वळून त्यांनी हाक मारली, “उर्मिला, हात दे गं.”

घोळक्यातल्या तिन्ही उर्मिला वळल्या. डॉक्टर तर हात पुढे करून आल्यासुद्धा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला तारामती पिशवीत झाकणं भरत होती. तिची मान वळली नाही. वळणार कशी, तिने किती वर्षं ती न वळायला शिकवली होती. उर्मिलाबाईंनी डॉक्टरांचा हात हलकेच बाजूला केला, छाती भरून श्वास घेतला आणि जिन्याच्या पायथ्याशी आंब्याची पेटी घेऊन उभा असलेला माणूस ओरडायचा तसं त्या ओरडल्या.

“उर्मे!”

झाकण फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिलं. तारामती सरळ उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसला, आणि मला रडू आलं, हे मी लपवत नाही.

“ओ,” ती म्हणाली. मग धावत आली, चपला न घालताच.

दोघी एक एक पायरी उतरल्या. मी पिशवी आणि तिच्या चपला घेऊन मागे. गेटपाशी तारामतीने विचारलं, “मग आता मी तुम्हाला काय म्हणू?”

“जाऊबाईच म्हण,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “गिरिजा म्हटलंस तर मी वळायची नाही. आता ती हाक मला ओळखू यायची नाही.”

रस्त्याच्या कडेला रिक्षा उभी होती. उर्मिलाबाई हात सोडवून हळूहळू तिकडे निघाल्या. तारामतीने पायात चपला सरकवल्या, त्यांना थोडं पुढे जाऊ दिलं आणि मग मागून, अगदी हळू, नाव घेतलं.

“गिरिजाताई.”

उर्मिलाबाई चालत राहिल्या. रिक्षाच्या दांडीला त्यांनी हात लावला, एक पाय वर ठेवला, आणि तशाच थांबल्या.