सरसाहेबाच्या सहीची चिठ्ठी

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. आता ऐंशी ओलांडली — लपवून वाचवायचं तरी काय राहिलंय?

लढाईच्या काळात मी नगरच्या कॅम्पात, गोऱ्या अफसरांच्या मेसमध्ये कारकून होतो. नोकरी मागायला येणाऱ्या खानसाम्यांच्या चिठ्ठ्या तपासणं माझ्याकडे. साहेब बदलून जाताना चाकराला दोन ओळी लिहून द्यायचा — माणूस इमानी आहे, वगैरे. त्यावर पुढची नोकरी मिळे. खोट्या चिठ्ठ्याही फिरत. मी दोन पकडल्या होत्या, शाबासकी मिळाली होती. तेव्हापासून प्रत्येक कागद मला खोटा वाटे. खरं सांगू? खोटा निघावा, असंच वाटे.

बशीरभाई भिंगारचा खानसामा, वयाने माझ्याहून थोर. त्याने एकाच साहेबाच्या दोन चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. पहिलीवर नुसता कॅप्टन. वर्षानंतरच्या दुसरीवर नावाआधी ‘सर’.

“साहेबाचा बाप वारला, भाऊसाहेब. थोरला ल्योक म्हनून ते सर झाले. लंडनात बँक हाय त्यांची.”

मी हसलो. “रावबहादूर मेला म्हणून त्याचं पोर रावबहादूर झालेलं पाहिलंय का कुणी?”

“आपल्यात न्हाई हुत. त्यांच्यात हुतं.”

किताब ज्याला मिळाला त्याच्याबरोबरच तो जातो, एवढंच मला ठाऊक. सहीच्या वरचा मजकूर वाचायचीही गरज वाटली नाही. तो साहेब ब्रह्मदेशाकडे गेलेला, विचारणार कुणाला? — पण मेसमधल्या कुठल्याही गोऱ्याला विचारता आलं असतं. नाही विचारलं. तांबड्या शाईने मी त्या दुसऱ्या चिठ्ठीवर आडवं ‘बनावट’ लिहिलं, आणि याला आत सोडू नका म्हणून फाटकावर सांगितलं.

महिन्याभराने मेसच्या पुस्तकांची यादी करताना एक जाडजूड पुस्तक हाती आलं — विलायतेतल्या किताबवाल्या घराण्यांचं. त्यात ते घराणं होतं. पणजोबाने बँक काढली, राणीने त्याला किताब दिला, मग बापामागे थोरला मुलगा, असा तो खाली आलेला. शेवटी साहेबाच्या वडिलांचं नाव, आणि वारस म्हणून त्याचं स्वतःचं.

मी काय केलं? पुस्तक मागच्या रांगेत सरकवलं. ही चूक कबूल केली तर आधीच्या दोन चिठ्ठ्याही कुणी उकरल्या असत्या. ती दोन माणसं तरी लबाड होती का — आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

कॅम्पात बशीरभाईला पुन्हा कुणी ठेवलं नाही. स्वराज्य आलं, गोरे गेले. पुढे राहात्याच्या बाजारात तो दोरखंड विकताना दिसला. मी तोंड फिरवलं, पण त्याने हाक मारली. खिशातून चिठ्ठी काढली, घड्यांवर झिजलेली.

“खरी म्हना, खोटी म्हना. साहेबानं माझ्याबद्दल काय लिवलंय, तेवढं वाचून दावा. दुसऱ्या कुनाला दावायची लाज वाटती. वर तुमी लिवलंय न्हवं.”

मी ती उन्हात धरली. तांबड्या शाईखालचं अक्षर न् अक्षर लागत होतं. वडील गेल्याची तार आली त्या दिवशी हा माणूस माझ्याजवळून हलला नाही, असं साहेबाने लिहिलं होतं. घरच्यासारखा बसून राहिला.

“शाई पसरलीय,” मी म्हणालो. “काही लागत नाही.”

“ऱ्हाऊ द्या मग.” त्याने चिठ्ठी घडी करून ठेवली आणि शेजारच्या हॉटेलातून माझ्यासाठी चहा मागवला.

मी तो प्यालो.