टेबलाखालचं मॉडेल

"कुणाच्या हुकमानं?" कार्यालयात कॅलेंडरची जागा बदलली तरी आमचे फौजी हे विचारत. लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन दलातून, निवृत्त होऊन ते विट्याच्या आमच्या पशुसेवा केंद्रात संगणक सांभाळत होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि अडलं की त्यांच्याकडेच जातो.

मी तिथली डॉक्टर. रानोमाळ फिरणारे धनगर मोबाइलवर बोलून मेंढ्यांचं दुखणं सांगत. आमचा एआय सहायक उपाय सांगे आणि दुखणं गंभीर असलं की मला कळवी. त्याचं डोकं, म्हणजे मॉडेल, दूरच्या एका कंपनीच्या यंत्रावर होतं.

एका सकाळी औंधकडच्या धनगरीण बाईंनी सांगितलं, "मेंढ्या फुगल्यात." सहायक म्हणाला, वजन वाढणं हे चांगलं लक्षण आहे. मला निरोप आलाच नाही. दुपारपर्यंत पोट फुगून तीन मेंढ्या मेल्या. कंपनीनं आदल्या दिवशी जुनं मॉडेल काढून नवं बसवलं होतं.

"कुणाच्या हुकमानं?" त्यांनी पडद्यालाच विचारलं. मग मला घेऊन त्या बाईंच्या तळावर माफी मागायला गेले.

"आवं, कालपातूर त्याला समजत हुतं की," बाई म्हणाल्या.

"त्याचं डोकं कंपनीनं बदललं. आमाला इचारलं न्हाई," ते म्हणाले.

"मग तुमचं कसं म्हनता त्याला?"

केंद्रात परतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, आता मॉडेल हितं. आपल्या टेबलाखाली."

सहायक तेवढ्यापुरता बंद ठेवून, इंटरनेटवरून कुणालाही उतरवून घेता येतं असं एक खुलं मॉडेल त्यांनी आमच्याच यंत्रावर बसवलं. ते अगदीच मठ्ठ निघालं. कंपनीचं हुशार होतं, असं मी म्हणाले.

"असंल. पर ह्याला आपुन शिकवू. शिकलेलं कुनी काढून न्यायचं न्हाई."

चार महिने ते तळातळावर बसून धनगरांची बोली टिपत आणि मॉडेलला शिकवत राहिले. शेकडो जुने प्रश्न यंत्राला रोज नव्यानं विचारत. एकाचं उत्तर चुकलं तरी सहायक सुरू करू देत नसत. मी चिडायची. ते माझ्यापुढे चहा सरकवायचे.

श्रावणात सहायक पुन्हा सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "फुगलीया" म्हणालं आणि माझा फोन वाजला. मेंढी वाचली. फौजींनी फक्त वहीत खूण केली.

गेल्या साली पत्नीच्या आजारपणामुळे ते काम सोडून पाटणला, आपल्या गावी गेले. मी स्टँडवर सोडायला गेले होते. एसटी लागली तरी ते मोबाइलमध्ये काहीतरी करत होते. मग पडदा माझ्यापुढे धरला. आमच्या यंत्रात दुरून शिरायची स्वतःची परवानगी त्यांनी काढून टाकली होती.

"अहो, राहू द्यायची की," मी म्हणाले.

"न्हाई. उद्या म्याच काय बदललं आन् तुमाला इचारलं न्हाई, तर?"

पिशवी खांद्याला लावून ते चढले. बसायला जागा नव्हती. गर्दीत उभ्यानंच त्यांनी हात वर केला आणि गाडी कराडच्या रस्त्याला लागली.