ससाण्याखालचा पेंढा

नूरमहंमदला पाखरांचं सगळं कळत होतं, आणि तेच नडलं. लोणावळ्यात एका संस्थानिकाच्या बंगल्यावर तो ससाणे सांभाळी. बाप-आजाने हेच केलेलं, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकायची सवय घराण्यातच नव्हती.

१९३४च्या पावसाळ्यात बहिरी ससाण्यांची जोडी जुनी पिसं झडून नवी येईपर्यंत कोठीत बसवली होती. ओलीत पाखरं गारठतील म्हणून त्याने फटी बुजवून खाली वीतभर भाताचा पेंढा अंथरला. कोठी झाडायला आणि पाखरांना मटण घालायला कुसगावचा गेणू शेतकरी येई. त्याने पेंढा हुंगला.

“नूरभाई, ह्याला बुरशी धरलीया. असला पेंढा आमी बैलाफुडंबी टाकत न्हाई.”

“बैल पेंढा खातो. ससाणा खातो का?” नूरमहंमद म्हणाला, आणि स्वतःच्याच हुशारीवर हसला.

पंधरा दिवसांत नराचा आवाज बसला. चोच वासून तो श्वास ओढी, दर श्वासाला शेपूट वरखाली होई. नूरमहंमदने त्याला छातीशी धरून शेक दिला, ऊब हवी म्हणून आणखी पेंढा घातला. पाखरू मेलं. संस्थानिक सरकारांनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, “गेणूने शिळं मटण घातलं.” खोटं बोलतोय असंही त्याला वाटलं नाही. आपल्या हातून चूक होत नाही, म्हणजे दुसऱ्याची असणार. गेणूला त्याच दिवशी हाकललं. पाखरू मारणारा म्हणून दुसऱ्या कुठल्या बंगल्यावरही त्याला कुणी उभं करीना.

मग मादी घरघरू लागली. तिच्यावर त्याचा फार जीव होता. ती गेली तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला आणि तिला फडक्यात बांधून पुण्याला जनावरांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने छाती उघडली. आत हिरवट बुरशी होती, शिळ्या भाकरीवर धरते तशी.

“खाली काय अंथरता?”

“पेंढा.”

“कुबट वास येत होता?”

नूरमहंमदला पेंढा हुंगणारा गेणू आठवला.

“तीच बुरशी श्वासातून आत गेली. खाण्याचा काही संबंध नाही.”

स्टेशनवरून तो घरी न जाता थेट कुसगावला गेला. गेणू भातातलं तण काढत होता. नूरमहंमदने बांधावर उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गेणूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सरकारास्नी सांगितलं का?”

“नाही,” नूरमहंमद म्हणाला. सांगितलं तर नोकरी जाणार होती, आणि घराण्याचं नावही.

“मंग मला कशाला सांगताय?” गेणू म्हणाला, आणि पुन्हा चिखलात वाकला.